डाव्या डोळ्यातली चमक

कॅमेऱ्याचं कार्ड भरलं नसतं, तर हेमांगीने त्या दुपारी लॅपटॉप उघडलाच नसता.

दुसऱ्या दिवशी सोनगीरला सासरी कानबाई, श्रावणातली ती कुळाची देवी, बसणार होती. भाऊबंदकीतली सगळी घरं जमणार, तिच्या नैवेद्याचे रोट रांधले जाणार, आणि सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं की कॅमेरा विसरायचा नाही. पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून आवराआवर चालली होती. पिशव्या भरून दाराशी ठेवल्या होत्या. नवल, तिचा नवरा, गाडीच्या चाकांत हवा भरून आणायला गेला होता. सव्वा वर्षाची भाविका फरशीवर बसून पिठाची चाळणी गरगर फिरवत होती आणि ती कलंडली की स्वतःच खिदळत होती.

कॅमेरा हेमांगीचा, लग्नाआधीचा. धुळ्याला बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा वडिलांनी हौसेनं घेऊन दिलेला. सोनगीरच्या किल्ल्याच्या उतारावर, लळिंगच्या जंगलात हिंडून तिने त्यात पानं-फुलं टिपली होती. लग्नानंतर तो कपाटात पडून होता. त्याला पुन्हा बरे दिवस आले ते सासूबाईंमुळे, म्हणजे भिकुबाईंमुळे. नात झाली त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, "मोबाइलमा मन्ही पोरना एक बी फोटो नको. आठे काढा का तठे गावभर फिरस. कोनी नजर कशी, कोले माहीत? तुना तो डबा शे ना, त्यामा काढ."

डबा म्हणजे हाच कॅमेरा. हेमांगीलाही ते पटलं होतं. लेकरांचे फोटो इंटरनेटवर कुठे कुठे जातात याबद्दल तिने बरंच वाचलं होतं. दोघींचं एकमत झालेली ती बहुधा पहिलीच गोष्ट. नवल तेव्हा म्हणाला होता, "पेढे वाटू का?"

पुढे भाविकाच्याच हातून तो पलंगावरून पडला आणि मागचा पडदा काळा झाला. वरच्या काचेच्या खिडकीतून बघून फोटो काढता यायचे, पण काढलेला फोटो दिसायचा नाही. जोडायची वायर घर बदलताना कुठेतरी गेली होती. सोनगीरला गेलं की कार्ड काढून गिरधरच्या स्टुडिओत द्यायचं, ते बारशापासूनच चालत आलेलं. गिरधर नवलचा शाळेतला मित्र. तो फोटो धुऊन, अल्बममध्ये लावून द्यायचा, आणि कार्ड रिकामं करून परत. ह्या खेपेला बरेच दिवस जाणं झालं नव्हतं. कार्ड भरलं, शटर दाबलं की कॅमेरा नुसता टुकटुक करायला लागला. म्हणून नवलने बाजारातून कार्ड लावायचं एक बारकं यंत्र आणून दिलं होतं.

हेमांगीने कार्ड त्यात सरकवलं, ते लॅपटॉपला लावलं. फोटो आणायचे का, असं पडद्यावर विचारलं गेलं. तिने हो म्हटलं. हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली आणि खाली नखाएवढे फोटो एकेक करून उगवायला लागले. टबातली भाविका. आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या खांद्यावर बसून त्यांची टोपी ओढणारी भाविका. शिऱ्यात बरबटलेली भाविका. मध्येच पट्टी थांबली. एक फाइल वाचता येत नाही, असा निरोप आला. ही सोडून पुढे जायचं का?  कोणता असेल तो? तिने पुढे म्हटलं, आणि पट्टी हलेपर्यंत चाळा म्हणून शिऱ्याचा फोटो मोठा करून पाहिला.

भाविका थेट कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. उजव्या डोळ्यात फ्लॅशचा लाल ठिपका होता.

डाव्या डोळ्यात नव्हता. तिथे बाहुलीच्या जागी पांढरट, पिवळसर चमक होती. अंधारात गाडीचा दिवा पडल्यावर मांजराचा डोळा चमकतो, तशी.

दिव्याचं असेल, ती स्वतःशीच म्हणाली. पुढचा फोटो उघडला. खिडकीजवळचा, वेगळ्या दिवशीचा, वेगळ्या झबल्यातला. तीच चमक. त्यापुढचा. मान वळलेली होती, डोळे अर्धे मिटलेले. काही कळत नव्हतं. त्यापुढचा पुन्हा समोरून. उजवा लाल, डावा पांढरा.

ती उठली, खुर्ची मागे पडली. भाविकाने दचकून वर पाहिलं. हेमांगी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि खिडकीकडे तिचं तोंड करून डोळ्यांत बघू लागली. काजळानं कोरलेले काळेभोर डोळे. काही म्हणता काही दिसत नव्हतं. डावा किंचित नाकाकडे वळल्यासारखा वाटत होता, पण तो महिन्याभरापासून तसाच वाटत होता. तिने ते फोनवर बोलूनही दाखवलं होतं. भिकुबाई म्हणाल्या होत्या, "नवलनी आत्याबी तशीच दखे. लाडकी पोर तिरकीच दखस." आणि विषय तिथेच संपला होता.

संपला, कारण हेमांगीच्या शब्दाला ह्या बाबतीत घरात वजन उरलं नव्हतं. हिवाळ्यात भाविकाच्या लंगोटात लाल पाहून ती रिक्षा करून रडत दवाखान्यात पोहोचली होती. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, काल बीट खाऊ घातलं होतं का? घातलं होतं. तेव्हापासून पाहुण्यारावळ्यांत ती गोष्ट रंगवून सांगितली जायची. जरा काही म्हटलं की नवल म्हणायचा, "बीट तर नाही ना?" तिलाही हसू यायचं. आज आलं नाही.

जिन्यावर नवलची शीळ वाजली. "चला चला! पारोळ्याच्या पुढे रस्ता खोदून ठेवलाय, उशीर झाला तर आई मलाच रोटाबरोबर भाजेल." तिचा चेहरा पाहून तो थांबला. "काय झालं?"

तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "हे बघ. आणि हे. डावा डोळा."

त्याने पाहिलं. वाकून पुन्हा पाहिलं. "फ्लॅश आहे गं."

"उजव्यातपण फ्लॅश आहे. तो लाल आहे."

"मग कॅमेरा बिघडला असेल. पडला नाही का तो? पडदा गेला, आता आतलंही काहीतरी गेलं." त्याने कपाटातून अल्बम काढला आणि तिच्या मांडीवर उघडून ठेवला. "ही बघ तुझी लेक. सगळे डोळे काळे कुळकुळीत. इथे आहे का काही? हेमा, तू परत बीट..."

"नवल, बीट म्हणू नकोस."

 तिने पानं उलटली. बारसं, पहिली दिवाळी, जाऊळ. खरंच, एकाही फोटोत काही नव्हतं. भाविकाचे डोळे टपोरे, काळे, दोन्ही सारखे.  कॅमेराच असेल. मांजराचे डोळे नि कसलं काय. सोनगीरला जाऊन ही गोष्ट तीच रंगवून सांगेल, बिटाच्या जोडीला.

ती अल्बम मिटणार होती, आणि तिचा हात थांबला. जाऊळाच्या फोटोत भाविकाला घेऊन भिकुबाई बसल्या होत्या, शेजारी आबा, मागे नणंद, तिची दोन पोरं. फ्लॅश मारून काढलेला फोटो. एवढ्या माणसांपैकी एकाच्याही डोळ्यात लाल ठिपका नव्हता.

हा कॅमेरा तर सगळ्यांचे डोळे लाल करायचा. कॉलेजच्या सहलीतले सगळ्या पोरींचे फोटो भुतांसारखे आले होते, त्यावरून आठवडाभर हसणं चाललं होतं. मग अल्बममध्ये लाल डोळे गेले कुठे?

"गिरधरभाऊंना फोन लाव," ती म्हणाली.

"आता? कानबाईच्या गर्दीत?"

"लाव. आणि आवाज मोठा ठेव."

गिरधरने उचलला तेव्हा मागे प्रिंटरची घरघर ऐकू येत होती. "बोल रे नवल्या! निघाले का नाही अजून?"

"गिरधरभाऊ, मी हेमांगी. भाविकाचे फोटो तुम्ही धुता, त्यात डोळ्यांचं काही करता का?"

"डोळ्यांचं? करावंच लागतं ना वहिनी. तुमचा कॅमेरा जुना. सगळ्यांचे डोळे लाल येतात. ते एका बटनात जातात, त्याचं काही नाही." प्रिंटर थांबला. गिरधर मोकळेपणानं, जरा तक्रारीच्याच सुरात पुढे बोलला. "पण भाविकाचा डावा त्या बटनात जात नाही बघा. तो लाल नसतो ना, पांढरा असतो. मग तो मला हातानं काळा करावा लागतो. बारीक काम आहे, उजव्याला जोडून घ्यावं लागतं. पण भिकुबाई अक्कांची लाडकी नात, म्हटलं डोळे कसे चमकले पाहिजेत."

 चाळणी फरशीवर फिरून कलंडली.

"कधीपासून?" हेमांगीने विचारलं. 

"हं... बारशाचे नव्हते तसे. जाऊळाच्या वेळी एखाद्यात होतं. मागच्या खेपेला तर बहुतेक सगळ्यांतच. का वहिनी? काही चुकलं का?"

नवलने फोन ठेवला. तो खाली बसला, भाविकाच्या समोर. त्याने आपला तळवा तिच्या डाव्या डोळ्यावर धरला. भाविका चाळणीशी खेळत राहिली, जणू कुणी हातच लावला नव्हता. मग त्याने तो काढून उजव्या डोळ्यावर ठेवला. भाविका थबकली. चाळणीसाठी पुढे केलेला हात हवेतच चाचपडला, आणि ती किंचाळून बापाचा हात बोचकारू लागली.

नवलने ते पुन्हा करून पाहिलं नाही. त्याने तिला उचलून घट्ट धरलं.

धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्याचा नंबर हेमांगीला कॉलेजच्या मैत्रिणीकडून मिळाला. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या डॉक्टर तिथे शनिवारी बसायच्या, संध्याकाळपर्यंत. हेमांगीने सगळं सांगितल्यावर पलीकडच्या बाईंनी थांबायला सांगितलं आणि फोन डॉक्टरांकडेच दिला. डॉ. सुलक्षणांचा आवाज घाईचा नव्हता, त्यानेच हेमांगी अधिक घाबरली.

"आजच आणा. कितीही उशीर झाला तरी मी थांबते. आणि फोटो जसे निघाले तसेच आणा, कुणी सुधारलेले नकोत. जुने मूळ फोटो मिळाले तर फार बरं. कधी सुरू झालं ते समजेल."

गिरधरच्या कॉम्प्युटरवर मूळ फोटो होते. तो कुणाचेच लगेच पुसत नसे. पण हेमांगीने ते मोबाइलवर पाठवा म्हटल्यावर तो घुटमळला. "वहिनी, एक तर मोबाइलवर फोटो बारीक होऊन जातात, डॉक्टरला काय दिसणार? पेनड्राइव्हमध्ये घालून देतो. आणि दुसरं... अक्कांनी ताकीद दिलीय. भाविकाचा एक फोटो मोबाइलवर गेला तर माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. तुम्ही अक्कांशी बोलून घ्या बरं."

अक्कांशी, म्हणजे भिकुबाईंशी. नवल म्हणाला, "मी बोलू?"

"नको. मीच बोलते."

भिकुबाईंच्या आवाजाआड बायकांचा गलका होता. कुणीतरी सोवळ्यातल्या जात्याला हात लावल्याबद्दल कुणाला तरी रागवत होतं. हेमांगीने शक्य तितक्या थोड्या शब्दांत सांगितलं. दवाखान्याचं नाव सांगितलं. गिरधरकडचे फोटो हवेत, ते सांगितलं.

"आज?" भिकुबाई म्हणाल्या. "सकाय कानबाई बसी ऱ्हायनी, आन् तुम्हीन दवाखानामा?"

"हो आई."

त्या गलक्यातून जरा बाजूला झाल्या. मग, "हाई बी बीटसारखं तर नही ना?"

 हेमांगीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. "बीटसारखंच असू दे, आई," ती म्हणाली. "देवाशपथ, तसंच असू दे. मग जन्मभर हसा मला."

फोन बंद झाला. ना हो, ना नाही.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खोदलेल्या रस्त्यावर ट्रकांच्या मागे गाडी रांगत होती. नवल हॉर्न वाजवत नव्हता, शिव्या घालत नव्हता.  भाविका मांडीवर झोपली होती. हेमांगी तिच्या मिटलेल्या पापणीकडे बघत होती. किती वेळा बघितलं होतं ह्या चेहऱ्याकडे! ताप आहे का, पुरळ आहे का, श्वास लागतोय का. पाणी दोनदा उकळलं. नखं रोज तपासली. आणि जिथे बघायचं होतं तिथे दुसऱ्या कुणीतरी प्रेमानं काळा रंग भरला होता, आणि तिने तो अल्बम उशाशी घेऊन कौतुक केलं होतं.

"त्याला काय माहीत होतं," नवल एकदम म्हणाला. तोही गिरधरचाच विचार करत होता.

"नव्हतं," ती म्हणाली. "मला विचारलं असतं त्यानं, एकदा."

"तू तरी काय सांगितलं असतं? काळा करा, असंच म्हटलं असतं."

तिने खरंच तसंच म्हटलं असतं.

धुळ्याला दवाखान्याच्या पायऱ्या चढून ते आत आले, तर समोरच्या बाकावर भिकुबाई बसल्या होत्या. हातांना अजून पीठ लागलेलं होतं, नववारीचा घोळ धुळीनं भरला होता. कानबाईच्या आदल्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, त्या वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन एकट्या इथवर आल्या होत्या. त्यांनी पोलक्यातून हातरुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि आत गुंडाळलेला पेनड्राइव्ह हेमांगीपुढे धरला.

"ले. गिरधरले सांगं, बठ्ठा दे. एक बी ठेवू नको." मग नवलकडे वळून, "आन् तू काय दखी ऱ्हायना? पोर दे आठे."

सिस्टरने भाविकाच्या डोळ्यांत थेंब घालायच्या आधी काजळ पुसायला सांगितलं. ते भिकुबाईंच्याच हातचं असायचं, गावाहून डबी भरून दिलेलं. त्यांनी स्वतःच पदराचं टोक ओलं करून नातीचे डोळे हलक्या हातानं, पुन्हा पुन्हा पुसले. काजळ गेलं तरी पुसत राहिल्या. सिस्टर म्हणाली, "आजी, झालं," तेव्हा थांबल्या.

डॉक्टरांनी आधी फोटो पाहिले. पेनड्राइव्हमधले जुने, मग लॅपटॉपमधले नवे, ओळीनं. बारसं: दोन्ही डोळे लाल. दिवाळी: दोन्ही लाल. जाऊळ: एका फोटोत डाव्या डोळ्याच्या कडेला फिकट कोर, दुसऱ्यात नाही. मग ती कोर वाढत गेली. डॉक्टर प्रत्येक फोटोवर थांबत होत्या. नंतर थेंबांनी बाहुल्या मोठ्या झाल्यावर त्या भाविकाला अंधाऱ्या खोलीत घेऊन गेल्या. नवलने तिचे हात धरले, हेमांगीने डोकं. भाविका फुटून रडत होती. डॉक्टरांच्या कपाळावरच्या दिव्याचा झोत डाव्या डोळ्यात गेला आणि तिथेच रेंगाळला. मग उजव्यात. उजव्यातही खूप वेळ. तो वेळ हेमांगीला सर्वांत लांब वाटला.

बाहेर आल्यावर डॉक्टर बसल्या आणि त्यांनी तिघांनाही बसायला लावलं.

"डाव्या डोळ्याच्या आत गाठ आहे. लहान मुलांनाच होते ही. हा कॅन्सर आहे, असं मला वाटतं. खात्री मुंबईला होईल. उजवा डोळा स्वच्छ आहे. डाव्यातलं बाहेर पसरल्याचं मला आत्ता दिसत नाही. उद्याच मुंबईला जायचं. मी चिठ्ठी देते, तिथल्या डॉक्टरांशी आजच बोलते."

"डोळा?" नवलने विचारलं. 

"डोळ्याचं वचन मी देणार नाही. आधी जीव, त्यानंतर डोळा. पण जीव वाचतो ह्यात, वेळेवर आलं की. आणि तुम्ही वेळेवर आला आहात." त्या हेमांगीकडे वळल्या. "अजून थोडे महिने गेले असते तर हे बोलू शकले नसते मी."

हेमांगीने मान हलवली. तिला वाटलं होतं आपण कोसळू. पण ती चिठ्ठीवरचे शब्द वाचत होती, औषधांच्या वेळा विचारत होती, प्रवासात ताप आला तर काय करायचं ते विचारत होती. डॉक्टर एकेकाचं उत्तर देत होत्या. कुणी हसलं नाही.

बाहेरच्या बाकावर भिकुबाई बराच वेळ भाविकाला थोपटत बसल्या. मग म्हणाल्या, "कानबाई मी दखसू. तुम्हीन मुंबईले निंघा." आणि थोड्या वेळानं, "तुना तो डबा कथा शे?"

"पिशवीत आहे. का आई?"

"माले दे. सकाय बठ्ठी भाऊबंदकी जमी जाई. पाळणामधली पोरं शेतस, रांगती शेतस. एकेकना फोटो काढसू. आन् गिरधरले सांगसू, आते कोनाबी डोळा काळा करू नको."

 हेमांगीने मांडीवर लॅपटॉप उघडला. कार्ड भरलेलं होतं, ते रिकामं करायला हवं होतं. तिने आणलेले फोटो आधी एकेक करून उघडून पाहिले, सगळे नीट उघडतात ना. त्यांची आणखी एक प्रत पेनड्राइव्हमध्ये उतरवली. ती पट्टी शेवटापर्यंत जाईतो नजर हलवली नाही. तो न वाचता आलेला एक फोटो राहिलाच. त्यात काय होतं ते आता कधीच कळणार नव्हतं. तिने सगळं निवडलं, पुसून टाकलं, आणि कार्ड कॅमेऱ्यात परत घातलं.

"हे दाबलं की चालू. ह्या खिडकीतून बघायचं. पोरानं समोर बघितलं पाहिजे. ही विजेची खूण आहे ना, ती लागलेली हवी. आणि हे दाबायचं."

भिकुबाईंनी कॅमेरा दोन्ही हातांनी, भरल्या तांब्यासारखा धरला. एक डोळा मिटून खिडकीला दुसरा लावला.

"नवल," त्या म्हणाल्या, "खाले नको दखू. आठे दख, मनाकडे."

नवलने मान वर केली. फ्लॅश पडला.